उजव्या सीटवरचं पोतं

“जरा हात लावा की साहेब,” बाबालाल म्हणाला आणि मी बावळटासारखा हात लावला.

पोतं वाळूचं होतं. जाड ताडपत्रीचं, तोंडाला सुतळीनं शिवलेलं, आणि असलं जड की उचलताना माझ्या कमरेतनं कळच गेली. दोघांनी मिळून ते गॅरेजच्या कोपऱ्यातनं कसंबसं आणलं, आमच्या पॅलिओ गाडीचा उजवा दरवाजा उघडला आणि स्टेअरिंगमागं बसतं केलं. बाबालालनं दोन थापा मारून ते नीट टेकवलं. वरनं सीटबेल्टही लावला.

“हां! आता कसं, दादा बसल्यागत वाटतंय.”

“कोण दादा?”

“रणधीरदादा. दुसरं कोण?” तो हात झटकत म्हणाला. “त्यांच्या वजनाचं पोतं हाय हे. काट्यावर करून घेतलेलं. सेटिंगच्या टायमाला दादा दर खेपेला कुठनं येऊन बसणार? मग हे बसवायचं. गाडीला काय कळतंय, आत माणूस हाय का वाळू?”

रणधीर इंगवले म्हणजे माझ्या बायकोचा पहिला नवरा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. आणि मी त्याला आत्ता, माझ्या या दोन हातांनी उचलून, माझ्याच जागेवर बसवला होता.

जळफळाट म्हणजे काय ते मला त्या वेळी विचारायचं. माणसाचा हेवा करणं समजू शकतं, पण मी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात भर दुपारी वाळूच्या पोत्यावर जळत उभा होतो.

माझं चष्म्याचं दुकान आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत. लग्नाचं वय कधी निघून गेलं ते भिंगं घासता घासता कळलंच नाही. कल्याणी चष्म्याचा नंबर काढायला आली, मग काडी सैल झाली म्हणून आली, मग नुसतीच आली. दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. बोलणं कमी आणि हसणं त्याहून कमी, पण हसली की दुकान उजळायचं. आम्ही रजिस्टर लग्न केलं आणि मी माझी एक बॅग घेऊन तिच्या फ्लॅटवर राहायला गेलो. बॅग ठेवायला मान वर केली तर समोर रणधीरचा फोटो. हार घातलेला, सहा फुटी, मिशीला पीळ. फोटोखाली खिळा, आणि खिळ्याला गाडीची चावी.

म्हणजे मला बाजारात जायचं असलं तरी आधी त्याच्यासमोर उभं राहायचं, त्याच्या छातीखाली हात घालायचा आणि चावी काढायची. तो वरनं बघायचा. “सांभाळून न्या हां पोवार” असं म्हणतोय असंच वाटायचं मला.

लग्नानंतर आणखी एक गोष्ट कळली, ती म्हणजे मी सोडून सगळं कोल्हापूर रणधीरला ओळखत होतं. तो त्या पिवळ्या पॅलिओत शर्यती मारायचा. गाडी छोटी, इंजिन मोठं. घाटातल्या स्पर्धांत मोठमोठ्या गाड्यांना घाम फोडायचा म्हणे. कल्याणी त्याच्या शेजारी बसून कागदावरची वळणं वाचून सांगायची. त्यांचे कप अजून कपाटावर होते. मी कुठंही गाडी लावली की कोणीतरी येणारच.

“दादांची गाडी ना ही? काय हात होता राव त्यांचा!” मग माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघून, “आपण कोण?”

आपण कोण! काय सांगणार, कपाळ?

आणि गाडीही तसलीच. मी उंच पण अंगानं काडी. मी चालवायला बसलो की गाडीची उजवी बाजू वरच राहायची आणि तोंड डावीकडं ओढायची. सरळ रस्त्यालासुद्धा स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरावं लागायचं. जणू तिला माहीतच होतं की बसलाय तो तिचा मालक नव्हे. मी एकदा कल्याणीला म्हटलं, “विकून टाकू या का ही? एखादी साधी घेऊ.”

“नको,” ती म्हणाली.

“का पण?”

“नको म्हटलं ना.”

बस्स, एवढंच. त्या एका ‘नको’वर मी कित्येक रात्री कूस बदलत काढल्या. ती शेजारी शांत झोपलेली असायची आणि मी भिंतीपलीकडच्या त्या फोटोशी भांडत असायचो.

मग पुढच्या चाकांतनं धडधड यायला लागली. साधा खड्डा आला तरी दात वाजायचे. टायर एका कडेनंच झिजले. तेव्हा कल्याणी आपण होऊन म्हणाली, “बाबालालकडं नेऊ. एकदा नीट करून घेऊ.” तिनं रजा टाकली, मी दुकान बंद ठेवलं आणि सकाळीच आम्ही आलो. दुपारपर्यंत बाबालालनं पुढचे दोन्ही शॉकअप नवे चढवले, आर्मचे रबरी बुश बदलले. तो काम करताना सारखा बोलतो. त्यातलं निम्मं रणधीरदादांबद्दल असतं आणि उरलेलं निम्मं स्वतःबद्दल.

“अख्ख्या जिल्ह्यात असं सेटिंग कुणी करत न्हाई,” तो मला सांगत होता. “बाकीचे काय करत्यात, गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत्यात, तसंच बोल्ट आवळत्यात. मग गाडी खाली आली की आतलं रबर पिळलं जातंय. पिळलेलं रबर किती दिवस टिकणार? गाडी जमिनीवर पायजे, माणूस आत बसलेला पायजे, मग गॅरेजातल्या या खड्ड्यात उतरून खालनं आवळायचं. दादा म्हणायचे, बाबालाल, तुझा हात म्हणजे—”

“पण आता दादा चालवत नाहीत,” मी म्हटलं.

“आँ?”

“गाडी मी चालवतो. माझं वजन त्या पोत्याच्या निम्मंपाऊण असेल. मग हे कशाला बसवलंय?”

बाबालालनं डोकं खाजवलं. “गाडी तर दादांच्या वजनावरच बांधलेली हाय साहेब. उजव्या स्प्रिंगवर पॅकिंग हाय की, त्यांच्यासाठी घातलेलं. बाजू दबू नये म्हणून. जुनं काढलं आणि नव्या शॉकअपवर परत तेच चढवलं. जशी होती तशी.”

म्हणजे गाडी उजवीकडं वर का राहते ते हे होतं! दोन वर्षं मी रस्त्याला, टायरला आणि स्वतःच्या हातांना शिव्या घालत होतो. तो माणूस स्प्रिंगवर बसला होता.

“जशी होती तशी कुणी सांगितली?”

“सांगाय कशाला पायजे? दादांची गाडी—”

तेवढ्यात कल्याणी आली. बाबालालच्या घरनं, मागच्या दारानं, त्याच्या बायकोशी बोलून. हातात चहाचे कप होते. ते तिनं टूलबॉक्सवर ठेवले आणि तिचं लक्ष गाडीकडं गेलं.

ती जागच्या जागी थांबली. काचेतनं ते पोतं दिसत होतं, बेल्ट लावून, ऐटीत बसलेलं. ती हळूहळू पुढं गेली. दरवाजा उघडा होता. तिनं पोत्याच्या वरच्या टोकावर हात ठेवला, माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. नुसता ठेवला, आणि बराच वेळ काढलाच नाही.

माझ्या खांद्यावर तिनं असा हात कधी ठेवला होता? मी आठवून बघितलं. आठवेना.

“घरी घेऊन जाऊ या की ते,” मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “सोफ्यावर बसवू. मला काय, मी कोपऱ्यात उभा राहीन. नाहीतरी फोटोनं, चावीनं आणि कपांनी माझ्यासाठी जागा ठेवलीय कुठं? आता स्प्रिंगवरही तोच!”

“साहेब, अवो—” बाबालाल चाचरला.

“तुम्ही गप्प बसा हो! तिला वैनी आणि मला साहेब. दोन वर्षं झाली, तुमच्या लेखी मी अजून गिऱ्हाईकच!”

कल्याणीनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादा नमुना नासलाय की चांगला आहे हे तपासताना ती बघत असेल, तसं. मग ती बाबालालकडं वळली.

“पोतं काढा.”

“वैनी, पण मग सेटिंग—”

“काढा म्हटलं ना. आणि ते पॅकिंगही काढा.”

“परत सगळं खोलाय लागंल!”

“खोला.”

काय सांगू, छाती अशी फुगली माझी! जिंकलो, असं वाटलं. पोतं ओढून बाहेर काढायला मीच पुढं झालो. कमरेची कळसुद्धा जाणवली नाही. बाबालालनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत उजवा शॉकअप पुन्हा उतरवला, दोन जाड चकत्या काढून जमिनीवर टाकल्या आणि सगळं परत जोडलं. मग त्यानं गाडी ढकलून खड्ड्यावर आणली आणि पाना घेऊन खाली उतरला.

“बसा आता कुणीतरी,” खालनं आवाज आला.

मी शर्ट खोचला. ऐटीत उजव्या दरवाजापाशी गेलो. एक पाय आत टाकला.

“तुम्ही नाही,” कल्याणी म्हणाली.

“काय?”

“तुम्ही तिकडं बसा. डावीकडं.”

मी पाय बाहेर काढला. ती माझ्या शेजारनं आत शिरली आणि स्टेअरिंगमागं बसली. बसली म्हणजे कसली, तिचे पाय पेडलपर्यंत पोचेचनात. सीट मागं होती, रणधीरच्या पायांच्या मापानं. माझेही पाय लांब, त्यामुळं मी ती कधी हलवलीच नव्हती. तिनं खालची दांडी ओढली, जोर लावला. सीट हलेना.

“बाबालाल, ही सीट पुढं कशी घ्यायची?”

खड्ड्यातनं बाबालालचं डोकं वर आलं. सीटवर कल्याणीला बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. “वैनी, ती... ती कधी सरकलीच न्हाई. गंजली असंल पट्टी.”

“कधीच नाही?”

“दादा तर कुणाला—” तो अडखळला. “दादांनी सांगून ठेवलं होतं मला. वैनींनी मागितली तरी चावी द्यायची न्हाई म्हणून.”

“माहीत आहे मला,” कल्याणी म्हणाली. “तेल आणा.”

पट्टीला तेल सोडलं, मी मागनं ढकललं, तिनं पुढनं ओढलं, आणि कर्र आवाज करत ती सीट पुढं आली. कल्याणीचे पाय पेडलवर टेकले. मी मुकाट्यानं वळसा घालून डाव्या सीटवर जाऊन बसलो. त्या बाजूनं गाडी आतनं मी कधी बघितली नव्हती. समोर स्टेअरिंग नाही म्हटल्यावर हात कुठं ठेवायचे तेच कळेना.

“हलू नका आता दोघंबी!” बाबालाल खालनं ओरडला. “मी सांगंपतूर हलायचं न्हाई!”

पायाखाली पान्याचे आवाज सुरू झाले. आम्ही दोघं समोर गॅरेजच्या भिंतीकडं बघत बसलो.

“त्याच्या खांद्यावर हात ठेवलास तू,” मी हळू आवाजात म्हटलं. राहवलंच नाही. “पोत्याच्या.”

“हो.”

“एवढी आठवण येते?”

“आयुष्यभर त्या पोत्याच्या डावीकडं बसले मी,” ती म्हणाली. “मला बघायचं होतं, आता ते काही बोलतं का.”

“लायसन माझ्याकडं लग्नाआधीपासून आहे,” ती पुढं म्हणाली. “वडलांची व्हॅन चालवायची मी, मुरगूडला. दुधाचे कॅन घेऊन. रणधीर म्हणाला, ती व्हॅन वेगळी, ही गाडी वेगळी. तुला झेपायची नाही. तू वळणं वाच. मी वाचली. प्रत्येक वळण मला पाठ होतं, कुठं दाबायची, कुठं सोडायची. चुकलं वळण तर ओरडा मला, आणि कप मात्र त्याच्या नावाचा.”

“मग विकू या म्हटलं तेव्हा नको का म्हणालीस? मला वाटलं, त्याच्यासाठी...”

“त्याच्यासाठी?” ती हसली. दुकान उजळणारं ते हसणं नव्हे. “मला ती चालवायची होती हो. तो गेला. दहावं-तेरावं झालं, माणसं आली, गेली, आणि चावी खिळ्यालाच. मला वाटायचं, कुणीतरी एकदा म्हणेल, कल्याणी, घे, तू चालव. मग तुम्ही आलात.”

पान्याचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला.

“पहिल्याच दिवशी तुम्ही खिळ्याची चावी काढलीत आणि सरळ उजवीकडं जाऊन बसलात,” ती म्हणाली. “मी डावीकडं बसले. सवयच होती.”

मी मान वळवून तिच्याकडं बघायला गेलो.

“हलू नका म्हटलं ना!” खालनं बाबालाल.

मग मी हललो नाही. समोरच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर होतं, त्यावरची तारीख वाचत राहिलो. दोन वर्षं मी त्या मेलेल्या माणसाशी एका खुर्चीसाठी भांडत होतो आणि खुर्ची आमच्या दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

बाबालाल वर आला. हात पुसत म्हणाला, “झालं. उजवीडावी सारखी बसलीय. चाकांची अलाइनमेंट करून घेऊ आणि मग एक चक्कर मारून बघा... वैनी.”

“वैनी नका म्हणू,” कल्याणी म्हणाली. “ताई म्हणा.”

त्यानं फडकं खांद्यावर टाकलं. “बरं. ताई.” मग माझ्याकडं बघितलं आणि बिचारा ओशाळून हसला. “म्हणजे तुम्ही दाजी झालासा की!”

अलाइनमेंट झाल्यावर आम्ही निघालो. चक्कर म्हणजे मला वाटलं, शाहू मैदानापर्यंत जाऊन परत. हिनं गाडी सरळ पन्हाळ्याच्या रस्त्याला लावली. घाटाच्या पायथ्याचं वाघबीळ येईपर्यंत ती बेतानंच चालवत होती, कान गाडीकडं लावून. धडधड गेली होती. गाडी कुठंही ओढत नव्हती. तिनं स्टेअरिंगवरचे दोन्ही हात क्षणभर वर उचलले, तर गाडी आपली सरळ चालली.

“अगं ए, हात!” मी ओरडलो.

“ओढत नाही बघा.”

“बघितलं, बघितलं! हात ठेव!”

घाट लागला आणि मग तिनं गिअर उतरवला. देवा रे! ते इंजिन असं गुरगुरू शकतं हे मला माहीत नव्हतं. माझ्या हाताखाली ते आजवर रिक्षासारखं चालत आलं होतं. वळण आलं, तिनं आधी सोडली, मग वाकवली, मग दाबली, आणि गाडी रस्त्याला चिकटून घोरपडीसारखी वर गेली. मी दरवाजाची मूठ दोन्ही हातांनी धरली. उजवा पाय गच्च दाबून बसलो.

“पाय काय दाबताय? तिकडं ब्रेक नाही.”

“माहीत आहे! पुढं बघ!”

“पुढं उजवीकडं वळण आहे. मग लहान सरळ. मग डावीकडं, आत वळत जाणारं,” ती स्वतःशीच म्हणत होती. आणि बरोब्बर तसंच येत होतं. भीती कधी गेली ते कळलं नाही. मी रस्त्याकडं बघायचं सोडून तिच्याकडं बघायला लागलो. ओठ घट्ट मिटलेले, मी बनवलेला चष्मा नाकावर घसरलेला, केस तोंडावर आलेले. इतकी देखणी मी तिला कधी बघितली नव्हती.

गडावर गेल्यावर तिनं तटबंदीपाशी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. हात स्टेअरिंगवरच होते. मग तिचे खांदे हलायला लागले.

आलाच परत तो, मी मनात म्हटलं. इतकं सगळं होऊनही मी पुन्हा जळलोच. “आठवण आली का?” मी विचारलं.

तिनं मान हलवली. चष्मा काढला, पदरानं पुसला.

“राग आला,” ती म्हणाली. “किती सोपी होती हो. एवढी सोपी गाडी होती.”

तिचे डोळे कोरडे होईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, गाडी मागं घेण्यासाठी मागं वळून बघताना. तेवढ्यापुरताच, पण ठेवला.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. फोटो अजून भिंतीवर आहे. कल्याणी एकदा काढायला निघाली होती, मीच काढू दिला नाही. चावी मात्र त्या दिवसापासनं तिच्या पर्समध्ये असते. खिळ्याला माझी छत्री. गाडी हवी असली की मी तिला विचारतो, ती म्हणते “कुठं जायचंय?” आणि मी सांगेपर्यंत चपला घालून उजव्या दरवाजापाशी उभी. बाबालालच्या गॅरेजात कोपऱ्यात आता दोन पोती आहेत, एक ताईंचं आणि एक दाजींचं, आणि माझं पोट सुटल्यापासनं तो माझ्या पोत्यात दरवर्षी थोडी वाळू घालतो आणि खदाखदा हसतो.

छत्री काढताना रणधीरशी नजरानजर होते माझी. कप त्याचे, नाव त्याचं, सगळ्या कोल्हापुराला माहीत असलेला हात त्याचा. पण कल्याणीला गाडी घाटात चढवताना त्या माणसानं कधी बघितलं नाही. शेजारीच बसली होती इतकी वर्षं, तरी बघितलं नाही. मी दर रविवारी बघतो. आता जळायचं असेल तर त्यानं जळावं.